गड राखण्याचा ऋतू

(एका कुटुंब मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला ‘शरदातील सह्याद्री’ असा विषय दिला आहे. विषय रमणीय आहे आणि पत्रकारितेत तीस वर्षे काढलेल्या माणसाला रमणीय विषय क्वचितच मिळतो. त्यामुळे मी आनंदाने होकार दिला. परंतु आरंभीच एक गोष्ट सांगून टाकतो. आज मी फुलांविषयी थोडे आणि एका तटाविषयी अधिक बोलणार आहे.

आश्विन आणि कार्तिक हे शरदाचे दोन महिने. भाद्रपद सरता सरता आभाळ निवळू लागते, ओढ्यांचे गढूळ पाणी स्वच्छ होते, मावळातल्या खाचरांतून भात पिवळे पडू लागते. आपल्या पूर्वजांच्या दिनक्रमात या ऋतूला फार मोठे स्थान होते. पावसाळाभर सैन्य छावणीला असे आणि विजयादशमीला सीमोल्लंघन करून ते मोहिमेवर निघे. दसऱ्याला सोने लुटताना ही आठवण आपण मुलांना आवर्जून सांगतो. मोहिमेवर निघालेल्या वीरांच्या कथा आपल्याला तोंडपाठ असतात. परंतु ते निघून गेल्यानंतर मागे गडावर जी माणसे राहत, त्यांना या ऋतूत कोणते काम असे, हा प्रश्न मला स्वतःला वयाची पन्नाशी उलटेपर्यंत पडला नव्हता. तो पडला तोरण्याहून राजगडाकडे चालत जाताना.

२०२५ सालची विजयादशमी आपल्या सर्वांच्या स्मरणात राहील. १९२५ च्या विजयादशमीला नागपुरात डॉ. हेडगेवारांनी ज्या कार्याचा आरंभ केला, त्याला त्या दिवशी शंभर वर्षे पूर्ण झाली. त्याच वर्षी, ११ जुलै २०२५ रोजी, मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले होते. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे महाराष्ट्रातील अकरा आणि तमिळनाडूतील जिंजी हा बारावा. गावोगावी पेढे वाटले गेले. मीही अभिमानाने ओथंबलेला एक लेख लिहिला. तो वाचून एका तरुण मित्राने विचारले, “काका, यातल्या किती गडांवर तुम्ही अलीकडे गेला आहात?” मी गप्प राहिलो. त्या गप्प राहण्यातूनच ही पदयात्रा ठरली. कोजागरी उलटल्यावर चार-पाच दिवसांनी आम्ही पाच जण वेल्ह्याला मुक्कामाला गेलो. पहाटे चारला निघायचे, तोरणा चढायचा, तेथून डोंगराच्या धारेने चालत राजगड गाठायचा आणि संध्याकाळी पायथ्याशी उतरायचे, असा बेत होता. वाट दाखवायला गावातले एक वयस्कर गृहस्थ बरोबर होते. त्यांना आम्ही ‘बाबा’ म्हणत होतो. कमरेला कोयता, खांद्यावर घोंगडी आणि पायांत साध्या वहाणा. आमच्या पायांतले बूट पाहून ते किंचित हसले, बोलले मात्र काही नाहीत.

तोरण्याची उंची सुमारे चौदाशे मीटर. प्रचंडगड हे त्याचे दुसरे नाव चढताना दम लागला की अगदी पटते. बिनी दरवाजा आणि कोठी दरवाजा ओलांडून आम्ही मेंगाई देवीच्या देवळापाशी आलो, तेव्हा पूर्वेला उजाडले होते. उतारावर सोनकीची पिवळी फुले अजून टिकून होती, तेरडा सरत आला होता, आणि गवताच्या पात्यांना टोकाकडून सोनेरी रंग चढू लागला होता. पावसाने धुऊन काढलेल्या हवेत दूरवरचे डोंगर हाताशी आल्यासारखे दिसत. सिंहगड दिसला, पुरंदर दिसला, पश्चिमेला लिंगाण्याचा सुळका आणि त्यापलीकडे रायगड. एका ठिकाणी उभे राहून स्वराज्याचा अवघा इतिहास डोळ्यांत मावावा, अशी ती सकाळ होती.

तोरण्याविषयी परंपरेने चालत आलेली एक कथा आपण सर्वांनी ऐकलेली आहे. महाराजांनी ऐन तारुण्यात हा गड घेतला, गडावर काम चालू असताना द्रव्याचे हंडे सापडले आणि त्या धनातून समोरच्या मुरुंबदेवाच्या डोंगरावर राजगड उभा राहिला. लहानपणी या कथेतले हंडे तेवढे लक्षात राहिले होते. त्या सकाळी कथेतला दुसरा शब्द लक्षात आला. हंडे सापडले ते काम चालू असताना, डागडुजी करताना. गड ताब्यात येताच महाराजांनी पहिले काम हाती घेतले ते दुरुस्तीचे, असे ही कथा सांगते. विजयोत्सवाचा तिच्यात उल्लेखही नाही. आपण मात्र इतकी वर्षे हंड्यांकडे पाहत राहिलो.

बुधला माचीच्या टोकाकडून लोखंडी शिडीने उतरले की राजगडाची वाट लागते. एका बाजूला वेळवंडीचे खोरे, दुसऱ्या बाजूला कानदीचे, आणि मधून माणसाने चालावे एवढी धार. मध्येच एका खिंडीत डांबरी रस्ता ही धार ओलांडतो. मोटारीतून जाणाऱ्या मंडळींनी आमच्याकडे दयार्द्र दृष्टीने पाहिले. पुढे पुन्हा कारवीचे रान, पुन्हा चढ. मागे वळून पाहावे तो तोरणा, पुढे पाहावे तो राजगड. १६६५ च्या पुरंदरच्या तहात महाराजांना तेवीस किल्ले द्यावे लागले आणि बारा उरले. त्या उरलेल्या बारांत हे दोन्ही होते. पडत्या काळात स्वराज्य ज्या गडांवर तगून राहिले, त्यांतल्या दोघांच्या मधून आपण चालत आहोत, या जाणिवेने थकलेल्या पायांनाही बळ येते.

दुपार कलताना आम्ही अळू दरवाजाने राजगडाच्या संजीवनी माचीवर शिरलो. ज्यांनी ही माची पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. सुमारे अडीच किलोमीटर लांबीची, तीन टप्प्यांनी उतरत गेलेली डोंगराची ही सोंड. तिच्यावर दुहेरी तट आहे. बाहेरचा तट पडला तरी आतला उभा राहावा, दोहोंमधल्या अरुंद खोल जागेत शिरलेला शत्रू अडकून पडावा, ही त्यामागची योजना. बुरुजांनाही तसेच बाहेरून दुसऱ्या बुरुजाचे चिलखत. डोंगराच्या वळणाबरोबर तट वळतो, उताराबरोबर उतरतो. डोंगर कोठे संपला आणि बांधकाम कोठे सुरू झाले ते कळू नये इतका तो एकजीव आहे. सुमारे पंचवीस वर्षे हा गड स्वराज्याची राजधानी होता. १६५९ मध्ये सईबाईसाहेबांनी येथेच देह ठेवला. १६६६ मध्ये आग्र्याहून सुटलेले महाराज येथेच परतले. १६७० मध्ये राजाराम महाराजांचा जन्म येथेच झाला. दुःख, सुटका आणि आनंद, तिन्ही या दगडांनी पाहिले आहे.

त्या तटाच्या सावलीत आम्ही भाकरी सोडली. समोर, डोळ्यांच्या उंचीवर, दोन चिऱ्यांच्या सांध्यातून उंबराचे एक रोप वर आले होते. वीतभर उंच, चार-पाच पाने. उन्हात ती पाने मोठी सुंदर दिसत होती. मी उठलो आणि ते उपटायला हात घातला. खोड हातात आले, मूळ आतच राहिले. बाबा भाकरी खाता खाता म्हणाले, “सायेब, वरचा पाला तोडून काय व्हतंय? मूळ भितीत हाय. औंदा तोडलं तर फुडल्या साली दोन फुटत्यात.”

बंधु-भगिनींनो, हे वाक्य ऐकून मी खाली बसलो. कारण मला वीस वर्षांपूर्वीची एक गोष्ट आठवली. ती मी आजवर कोठेही लिहिलेली नाही. आज सांगतो.

आम्ही काही मित्र त्या वेळी गडसंवर्धनाच्या उत्साहाने भारून गेलो होतो. एका गडावर (त्याचे नाव घेत नाही) तटात पिंपळ वाढला होता. त्याचे खोड मांडीएवढे जाड. आम्ही घोषणा दिल्या, दोर बांधला आणि दहा-बारा जणांनी मिळून तो पिंपळ ओढला. पिंपळ आला. त्याच्याबरोबर चांगला पुरुषभर रुंदीचा तट खाली आला. तीनशे वर्षे ऊन, पाऊस आणि तोफा सोसलेले चिरे आमच्या डोळ्यांदेखत दरीत गडगडत गेले. कोणाला इजा झाली नाही, हे दैव. आम्ही मुकाट्याने खाली उतरलो. पुढच्या आठवड्यात मी सरकारच्या अनास्थेवर एक कडक लेख लिहिला. त्या लेखात आमच्या दोराचा उल्लेख नव्हता.

आमच्या निष्ठेत खोट होती काय? मुळीच नाही. खोट ज्ञानात होती, आणि त्याहून अधिक सातत्यात होती. पक्षी उंबराचे, पिंपळाचे, वडाचे फळ खातो. त्याच्या विष्ठेतून बी तटाच्या सांध्यात पडते. पावसाने सांध्यातला चुना धुऊन नेलेला असतो आणि तेथे माती साचलेली असते. मृगाच्या पावसात बी रुजते, आश्विनापर्यंत ते बोटभर रोप होते. त्या वेळी माती ओली असते, मूळ कोवळे असते आणि जाणत्याच्या हाताने ते मुळासकट निघू शकते. दोन-तीन पावसाळे गेले की मूळ चिऱ्यामागे शिरते. दहा वर्षांनी ते चिरे सरकवू लागते. पुढे अशी वेळ येते की ज्या मुळांनी तट फोडला त्याच मुळांनी तो धरून ठेवलेला असतो. झाड ठेवले तरी तट जातो, काढले तरी जातो. तेथे तज्ज्ञाशिवाय कोणीही हात लावू नये. वर्षाकाठी घटकाभराचे काम टाळल्याची ही किंमत असते.

आपल्या पूर्वजांना हे पुरेपूर ठाऊक होते. अठराव्या शतकाच्या प्रारंभी रामचंद्रपंत अमात्यांनी सिद्ध केलेल्या आज्ञापत्रात दुर्गांविषयी स्वतंत्र प्रकरण आहे. गडासाठी जागा निवडताना आधी पाणी पाहावे, येथपासून ते आरंभ करतात. गड बांधून झाल्यावर तो राखावा कसा, याविषयीही ते तितक्याच बारकाईने लिहितात. तटावर उगवणारी झाडे वरचेवर कापून काढावीत, हा विचार त्यात स्पष्ट आहे. ज्या मुत्सद्द्याने शिवछत्रपतींपासून पुढच्या राजवटींपर्यंत स्वराज्याची सारी वादळे पाहिली, त्याला राजनीतीच्या ग्रंथात तटावरच्या झाडांविषयी लिहावेसे वाटले, यावर क्षणभर विचार करा. औरंगजेब स्वतः चालून आला आणि १७०४ मध्ये त्याने राजगड घेतला, पाठोपाठ तोरणाही घेतला. परंतु हे दोन्ही गड मराठ्यांनी परत मिळवले. बादशाहाच्या हातून गड सोडवता आले. उंबराच्या मुळाने घेतलेला तट कोणत्याही मोहिमेने परत मिळवता येत नाही.

आणि हे राखणीचे काम करीत कोण होते? महाराजांच्या व्यवस्थेत गडाचा कारभार एकाच्या हाती नसे. हवालदार, सबनीस, कारखानीस असे अधिकारी निरनिराळ्या जातींचे असत आणि जबाबदारी वाटलेली असे. गडाच्या घेऱ्यातील मेटांवर रामोशी, महार, बेरड, मांग अशा समाजांतील माणसे रात्रंदिवस पहारा देत. तटाचा चिरा घडवणारा पाथरवट वेगळा, चुना मळणारा वेगळा, टाक्यातला गाळ उपसणारा वेगळा. समरसता हा शब्द आज आपण सभांतून उच्चारतो. तो त्या काळी गडाच्या दैनंदिन कामात उतरलेला होता. बखरीत यांतल्या फार थोड्यांची नावे आली. गड मात्र त्यांच्यामुळे उभा राहिला. आमच्याबरोबर आलेले बाबा मला त्या परंपरेतले वाटले. त्यांनी वाटेत कोठेही इतिहास सांगितला नाही. पण माचीवरून निघण्यापूर्वी तटाच्या पायथ्याशी कोणीतरी टाकलेल्या पाण्याच्या बाटल्या त्यांनी न बोलता घोंगडीत गोळा केल्या. आम्हीही मग वाकलो.

आता थोडे जागतिक वारशाविषयी. त्या यादीत राजगड आहे; तोरणा नाही. ज्या दोन गडांना आम्ही एका दिवसात पायांनी जोडले, त्यांतला एक जगाच्या नकाशावर आला आणि दुसरा आपल्या जागी राहिला. यादी करणाऱ्यांना दोष देण्याचे कारण नाही. अशा यादीला निकष असतात, मर्यादा असते. त्या बारांपैकी आठ गड केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आणि चार राज्याच्या खात्याकडे संरक्षित आहेत. राजगड त्या चारांत येतो. जगाने घेतलेली ही दखल आपल्या सर्वांना आनंद देणारी आहे. परंतु महाराष्ट्रात लहानमोठे शेकडो गड आहेत. यादीत नसलेल्या गडाच्या सांध्यातही आश्विनात तेच रोप उगवते. मान्यतेची वाट पाहत ते थांबत नाही. ज्या गडाकडे जगाचे लक्ष गेले त्याचे रक्षण जग थोडेफार करील. ज्याच्याकडे कोणाचेच लक्ष नाही, तो आपला आहे.

मग आपण काय करायचे? मी दोराचा अनुभव घेतलेला माणूस आहे, म्हणून जपून सांगतो. पहिली गोष्ट, संरक्षित वास्तूला परवानगीवाचून हात लावू नये. तो कायद्याचा भंग आहेच, आणि बहुधा वास्तूचेही नुकसान आहे. चुन्याच्या सांध्यात सिमेंट भरणे ही अशीच एक हितबुद्धीने होणारी चूक. चुना भिंतीतला ओलावा बाहेर जाऊ देतो. सिमेंट तो कोंडून ठेवते आणि मग दगड आतून खराब होतो. दुसरी गोष्ट, आपल्या घराजवळचा एक गड निवडावा, शक्यतो अप्रसिद्ध. दरवर्षी दसरा ते दिवाळी या काळात सहकुटुंब तेथे जावे आणि तटाचा एकच भाग दरवर्षी त्याच जागेवरून पाहावा, त्याचे छायाचित्र घ्यावे. दोन-तीन वर्षांत तुम्हाला दिसेल की कोणता चिरा सरकला, कोणते रोप वाढले. तेवढी नोंद लेखी स्वरूपात पुरातत्त्व खात्याकडे पाठवावी आणि तिचा पाठपुरावा करावा. माझ्यासारख्या पत्रकाराच्या संतप्त लेखापेक्षा अशा पाच वर्षांच्या पाच छायाचित्रांना अधिक वजन आहे. तिसरी गोष्ट, खात्याच्या अनुमतीने आणि जाणकारांच्या देखरेखीखाली काम करणारे गट ठिकठिकाणी आहेत, त्यांच्याबरोबर वर्षातले चार दिवस श्रम करावेत. टाक्यातला गाळ काढणे, वाट नीट करणे, कचरा खाली आणणे ही कामे दिसायला लहान आहेत. गडावर पूर्वीही बहुतेक कामे अशीच लहान होती.

येथे बसलेल्या अनेकांना हे पटवून देण्याची गरज नाही. रोज ठरल्या वेळी, ठरल्या जागी, पाऊस असो वा थंडी, एक तास एकत्र यायचे, या साध्या नियमावर शंभर वर्षे कार्य उभे राहते, हे आपण अनुभवाने जाणतो. त्या तासात कोणताही चमत्कार घडत नाही. तरीही तो चुकला की सांध्यात माती साचू लागते. समाजाच्या तटालाही सांधे असतात. जातीच्या अहंकाराचे, भाऊबंदकीचे, आळसाचे बी तेथे उडून येते आणि रुजते. ते कोवळे असताना कोणी काढले नाही, तर पुढे दोर लावून ओढणारे उत्साही वीर येतात आणि तटही खाली आणतात.

सायंकाळी आम्ही पाली दरवाजाने उतरलो. बाबांना नमस्कार केला, तेव्हा त्यांनी विचारले, “फुडल्या साली येनार का? का योकदाच?” मी म्हणालो, “येणार, बाबा.” इतक्या लोकांसमोर ते सांगून आज मी स्वतःला बांधून घेत आहे.

शेवटी मुलांशी दोन शब्द. दिवाळीत तुम्ही अंगणात मातीचा किल्ला करता. मावळे ठेवता, महाराजांना सिंहासनावर बसवता आणि किल्ला हिरवागार दिसावा म्हणून त्यावर मोहरी किंवा अळीव पेरता. मीही पेरत असे. येत्या दिवाळीतही जरूर पेरा. डोंगर हिरवा शोभतोच. फक्त तटाची भिंत मोकळी ठेवा. तेथे चुकून एखादे दाणे पडले आणि रुजले, तर रोज सकाळी उठून ते बोटांनी अलगद काढा, मुळासकट. आई-बाबांनी विचारले काय करतोस, तर सांगा, गड राखतो आहे.

भारत माता की जय!